मामा आणि मावशी या हाका शाळेत राहू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, सर्व संचालक आणि मुख्याध्यापिका बाई,
आमच्या गावचे माध्यमिक विद्यालय

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि त्याच आठवड्यात कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर एक परिपत्रक लागलं. त्यात चार सूचना आहेत. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांशी कामाव्यतिरिक्त बोलू नये. विद्यार्थ्यांनी त्यांना मामा, मावशी, काकू अशी नात्याची हाक न मारता आडनावानं किंवा पदानं बोलवावं. कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांना कुठलीही वस्तू देऊ नये आणि त्यांच्याकडून घेऊ नये. आणि पोषण आहार फक्त पटावरच्या मुलांनाच वाढावा. खाली सही, शिक्का. कारण म्हणून एकच ओळ आहे, 'विद्यार्थी सुरक्षेच्या दृष्टीने'.

या परिपत्रकाबद्दल मी दोनदा लेखी अर्ज दिला. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय काढला तर 'वेळ झाला, पुढच्या वेळी घेऊ' म्हणून बैठक संपवली. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचा अपमान करण्याचा हेतू नाही. ही शाळा गावानं वर्गणी काढून उभी केली, तुमच्यातल्या काहींच्या वडिलांनी तिच्यासाठी जमीन दिली, ते मी विसरलेले नाही.

माझे वडील या शाळेत ३१ वर्षं शिपाई होते. गावात त्यांना नावानं ओळखणारे कमी, 'मामा' म्हणून ओळखणारे जास्त. पन्नाशी-साठीची माणसं आजही बाजारात थांबून विचारतात, मामांची तब्येत कशी आहे. व्हरांड्याच्या आढ्याला रेल्वेच्या रुळाचा एक हातभर तुकडा टांगलेला असायचा, त्यावर लोखंडी गजानं टोल द्यायचं काम त्यांचं. आमच्याकडे तेव्हा वाड्यावस्त्यांवरची पोरं सकाळच्या एसटीनं यायची. गाडीला उशीर झाला की ती फाट्यावर उतरून दप्तरं छातीशी धरून पळत सुटायची. वडील गज हातात घेऊन फाट्याकडे बघत उभे राहायचे. शेवटचं पोर फाटकाच्या आत आलं की मगच टोल पडायचा. मिनिटभर, कधी दोन मिनिटं. मी पाचवीत असताना हे पाहिलं आणि विचारलं, 'आबा, घड्याळात तर वाजून गेले.' ते म्हणाले, 'घड्याळाला कोण मारतंय? पोरांना छड्या बसतात.' तेव्हाच्या हेडसरांना हे ठाऊक होतं. त्यांनी कधी विचारलं नाही. उलट रोज सकाळी शाळेत पाऊल टाकलं की तेच आधी म्हणायचे, 'नमस्कार मामा.' हेडसर म्हणतात म्हणून सगळे सर म्हणायचे, आणि सर म्हणतात म्हणून आम्ही पोरं म्हणायचो. ही हाक कुठल्या परिपत्रकातून आलेली नव्हती.

आता माझी मुलगी याच शाळेत सातवीत आहे. गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी, सहावीत असताना, तिला पहिल्यांदा पाळी आली ती शाळेतच. मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. ती घाबरून पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभी राहिली. तिथं झाडलोट करणाऱ्या मावशींनी तिला पाहिलं. काही न विचारता त्यांनी अंगातला स्वेटर काढून तिच्या कमरेला बांधला, कार्यालयातल्या कपाटातून पॅड आणून दिलं, कसं लावायचं ते दाराबाहेर उभं राहून सांगितलं, आणि 'काही झालेलं नाही बाळा, सगळ्या बायकांना होतं, घरी जाऊन आईला सांग,' एवढं बोलून तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडलं. मी तो तपकिरी स्वेटर धुऊन, घडी घालून, वर तिळगुळाची पुडी ठेवून परत दिला. मुलगी त्या दिवसापासून पाळीला घाबरत नाही. माझ्या पिढीतल्या किती जणींना असं म्हणता येईल ते तुमच्या घरातल्या बायकांना विचारा.

यंदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्याच वर्गातल्या एका मुलीवर तीच वेळ आली. वर्गशिक्षिका प्रशिक्षणासाठी तालुक्याला गेल्या होत्या, वर्गावर सर होते. पोरगी पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर आली आणि मावशींसमोर नुसती उभी राहिली. मावशींना कळलं. त्या म्हणाल्या, 'बाईंना सांग बाळा,' आणि खाली बघून झाडू लागल्या. मुलगी वर्गात परत आली. शाळा सुटेपर्यंत मांडीवर दप्तर घेऊन बसली, सरांनी फळ्यावर बोलावलं तेव्हा उठली नाही आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. शाळा सुटल्यावर माझी मुलगी तिच्या मागं अगदी चिकटून चालत तिला घरापर्यंत सोडून आली.

त्या संध्याकाळी मावशी आमच्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, 'कपाटाची किल्ली काढून घेतलीय, अन् बोलले तर कामावरनं काढतील असं सांगितलंय. माझ्यानं तोंड उघडलं नाही, ताई.' त्यांना विचारूनच मी हे लिहिते आहे. त्या स्वतः लिहू शकत नाहीत म्हणून त्यांचं म्हणणं माझ्या पत्रात.

तुमच्या परिपत्रकामागची भीती मला खोटी वाटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींच्या बाबतीत जे घडलं ते ऐकून महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईची झोप उडाली, माझीही. आरोप होता तो साफसफाईच्या कामावर ठेवलेल्या माणसावर. मलाही मुलगी आहे. पण त्याच प्रकरणात शाळा चालवणाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला, कारण कळल्यावर पोलिसांना वेळेत सांगितलं नाही. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. म्हणजे एक गुन्हा झाडू हातात असलेल्या माणसाचा असेल, पण पुढची कसूर खुर्चीत बसलेल्या माणसांची होती. त्यातून आपण धडा काय घेतला, तर झाडू हातात असलेल्यांनी बोलायचं नाही. खुर्चीत बसलेल्यांसाठी परिपत्रकात एक ओळसुद्धा नाही.

बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, तो २०१२ चा आहे. त्याचं १९ वं कलम सांगतं की असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्या कुणाला समजेल, त्यानं पोलिसांना कळवलं पाहिजे. ज्या कुणाला म्हणजे फक्त मुख्याध्यापकांना असं नाही. त्यात शिपाई आला, झाडणाऱ्या मावशी आल्या, खिचडी रांधणाऱ्या काकू आल्या, फाटकावरचे वॉचमन काका आले. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमाखाली शिक्षा आहे. कायद्यानं या माणसांना मुलांच्या राखणीला उभं केलंय आणि आपल्या परिपत्रकानं त्यांच्या तोंडाला पट्टी बांधलीय. आता विचार करा, उद्या एखादं पोर काही सांगायला आलं तर ते कुणाकडे येईल? ज्यांच्या हातात गुणपत्रक आहे त्यांच्याकडे? ते मधल्या सुट्टीत टाकीपाशी भेटणाऱ्या माणसाकडे येईल, ज्याला ते मावशी म्हणतं. आणि मावशी म्हणतील, बाईंना सांग.

माझी पहिली तक्रार ही. सुरक्षेच्या नावाखाली जे केलं त्यानं मुलं अधिक एकटी पडली. सुरक्षेसाठी जे करायला हवं होतं ते मात्र झालेलं नाही. शासनानं २०२२ मध्येच विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं आहे. आपल्या शाळेत ती कागदावर आहे, पण तिची बैठक कधी झाली ते एकाही पालकाला सांगता येत नाही. तक्रारपेटी जिन्याखाली अडगळीच्या बाकांमागं टांगली आहे. सातवीच्या पोरीचा हात तिथं पोचत नाही. आणि किल्ली कुणाकडे, हे मी तीन जणांना विचारलं तर तीन उत्तरं मिळाली.

दुसरी तक्रार हाकेची. तुम्हाला वाटेल, हाकेत काय एवढं. शाळेतल्या शिपायाला मामा म्हणणं, झाडणाऱ्या बाईला मावशी म्हणणं ही आपल्याकडची फार जुनी, चांगली रीत आहे. ज्या माणसाचा पगार शाळेत सगळ्यात कमी आणि ज्याला कुणीही काम सांगू शकतं, त्याला ती हाक थोडा आधार देते. मामाला कुणी 'ए' म्हणत नाही. परिपत्रक लागून महिना झाला नाही तोवर मी फाटकाशी उभी असताना नववीच्या दोन मुलांनी वेफर्सचं पाकीट मावशींच्या केरसुणीपुढं टाकलं आणि त्यातला एकजण मावशींचं नुसतं आडनाव घेऊन म्हणाला, 'उचला.' पोरगा वाईट नाही, त्याच्या आईला मी ओळखते. त्यानं ते टीचर्सरूमच्या दारातून ऐकलंय. तिथं एक तरुण सर वडिलांच्या वयाच्या शिपायाला 'ए, पाणी आण' म्हणतात. पेले उचलायला उशीर झाला की सगळ्यांदेखत बोलतात. मुलं मूल्यशिक्षणाच्या तासाला काय ऐकतात ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवतात. चहाचा कप सर कसा परत देतात ते मात्र बघतात, आणि शिकतात.

वडिलांची एक आठवण इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३१ वर्षांत टीचर्सरूममध्ये त्यांना बसायला खुर्ची नव्हती. बाहेर दाराशी एक लाकडी स्टूल होतं, तेही एका बाजूनं डुगडुगणारं, खाली विटेचा तुकडा लावलेला. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही असं ते म्हणतात. मला वाटायचं. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या समारंभात त्यांना स्टेजवरच्या खुर्चीत बसवलं तर ते खुर्चीच्या कडेला टेकून बसले, पूर्ण बसलेच नाहीत. आज ते स्टूल त्याच जागी आहे.

तिसरी गोष्ट नोकरीची आहे, ती तुमच्या एकट्यांच्या हातातली नाही हे मी जाणते. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांतली शिपायांची पदं रिकामी होतील तशी संपवायची ठरली. त्या जागी शाळेला ठोक 'शिपाई भत्ता' मिळतो, ग्रामीण भागात महिना ५००० रुपये. माझ्या वडिलांना पेन्शन आहे. आज त्याच जागी काम करणाऱ्या माणसाला ना पेन्शन, ना रजा, ना उद्याची खात्री. पोषण आहार रांधणाऱ्या काकूंचं तर आणखी वाईट. केंद्राच्या योजनेत त्यांचं मानधन २००९ पासून महिना १००० रुपये आहे, वर्षाचे १० महिनेच. राज्य स्वतःची भर घालतं तेव्हा कुठं थोडं हातात पडतं. एवढ्यावर पाच-सातशे पोरांचं झाडायचं, धुवायचं, रांधायचं. हे दर तुम्ही ठरवले नाहीत. पण इतक्या कमी पैशात राबणाऱ्या माणसाला 'बोललात तर काढू' असं सांगणं, हे तुम्ही ठरवलं आहे. पगार वाढवणं तुमच्या हाती नसेल, धाक कमी करणं आहे.

चौथी गोष्ट थोडक्यात. सहलीचे पैसे न भरलेल्या मुलांची नावं परिपाठ संपल्यावर माईकवरून वाचली गेली. एकदा नाही, सलग तीन दिवस. सहल ऐच्छिक आहे. ज्यांची नावं वाचली त्यातल्या निम्म्यांच्या घरी त्या महिन्यात सोयाबीनचे पैसे आले नव्हते. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलांना मारायलाच नाही तर त्यांचा मानसिक छळ करायलाही मनाई करतं. माईकवर नाव वाचताना वाचणाऱ्या सरांना छळ करायचा नव्हता, हे मी मान्य करते. पण खाली मान घालून रांगेत उभ्या असलेल्या पोराला तेवढं समजत नाही.

पाचवी गोष्ट परिपत्रकाच्या चौथ्या सूचनेची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. आपला कृष्णाकाठ उसाचा. दिवाळी झाली की बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, ओढ्याच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. आईबाप पहाटे चारला फडात जातात. मागं राहिलेली पोरं काही वर्षांपासून शाळेत येऊन बसू लागली, ते आपल्या एका बाईंनी कोप्यांवर स्वतः जाऊन आणली म्हणून. त्यातली एक नऊ-दहा वर्षांची पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. भाऊ दोन वर्षांचा. काकू तिच्या ताटात खिचडी वाढताना डाव जरा जास्त भरायच्या, आणि ती पोरगी आधी भावाला भरवायची, मग स्वतः खायची. ताट घासून काकूंच्या हातात देताना म्हणायची, 'काकू, येते.' एवढंच. परिपत्रकानंतर काकूंना डाव मोजावा लागतो. ती पोरगी पटावर नाही म्हणून तिला आधी थांबवलं, मग 'उरलं तर' म्हणून बसवलं. आता ती येत नाही. मी कोप्यांवर जाऊन आले. ती भावाला घेऊन बैलांपाशी बसली होती. म्हणाली, 'तिथं इच्यारतेत, तू कुनाची.'

हिशेब काटेकोर हवा, तांदूळ सरकारचा आहे, हे मला कळतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं, नोंदवही रोज भरावी लागते, तपासणी येते. पण उपाय पोरीला हाकलण्याचा नाही, पटावर घेण्याचा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याप्रमाणे वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून अडवताही येत नाही. ती चौथीच्या वयाची आहे, आपली शाळा पाचवीपासून आहे, हे कारण कार्यालयात मला सांगितलं. मग शेजारच्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींना एक फोन करायला कुणाची ना होती? भिंत एकच आहे. 'तू कुणाची' एवढं विचारून आपण मोकळे झालो.

याच कऱ्हाड तालुक्यात, काले गावात, १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांचं एकच वसतिगृह चालवलं. त्या मुलांना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील स्वतः रांधून घालायच्या आणि धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. आपल्या शाळेच्या सभागृहात कर्मवीरांचा फोटो आहे, २२ सप्टेंबरला आपण हार घालतो. लक्ष्मीबाईंनी मुलांना 'तू कुणाची' विचारलं नव्हतं. त्या काळी तेच विचारून ताट वाढायची पद्धत होती, तरीही. आपल्या काकूंनी डाव जरा जास्त भरला तो याच रस्त्यावर चालत होत्या म्हणून, त्यांना लक्ष्मीबाई माहीत असोत वा नसोत.

शिक्षकांबद्दल लिहिलं तर पालकांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र अर्धं राहील. आपले बहुतेक सर आणि बाई चांगले आहेत. मतदार याद्या, निवडणूक, ऑनलाइन माहिती, आधार जोडणी, दर कार्यक्रमाचे फोटो काढून वर पाठवणं, या सगळ्यातून त्यांना शिकवायला वेळ काढावा लागतो. आणि रात्री साडेदहाला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही पालक लिहितो, 'गृहपाठ का तपासला नाही, पगार कशाचा घेता?' मी स्वतः असं लिहिलेलं नाही, पण लिहिणाऱ्याला थांबवलंही नाही, आणि ती माझी चूक आहे. ज्या बाई कोप्यांवर जाऊन पोरं गोळा करतात त्यांनाच एका पालकानं एका गुणासाठी ग्रुपवर असं काही बोललं की त्या दोन दिवस वर्गात नीट बोलल्या नाहीत. मुलांनी मला विचारलं, बाई आजारी आहेत का. शाळेतलं प्रेमानं वागणं सरांकडून मुलांकडे तसं आमच्याकडून सरांकडेही यायला हवं. त्याची जबाबदारी मी पालक-शिक्षक संघात घेते. ग्रुपवर संध्याकाळी सातनंतर निरोप नको आणि कुणाही शिक्षकाबद्दल उघड टीका नको, तक्रार असेल तर शाळेत येऊन समोरासमोर सांगायची, असा ठराव मीच मांडणार आहे.

जानेवारीत शाळेत सद्भावना सप्ताह आहे असं समजलं. फलक, रांगोळी, निबंध, पाहुणे. तो जरूर करा. मुलांना रांगोळी आवडते.

आता मागण्या. एकही खर्चाची नाही, असली तर फार थोड्या खर्चाची आहे.

परिपत्रकातल्या चारही सूचना मागं घ्या आणि मागं घेतल्याचं त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावा. त्या जागी सुरक्षेची खरी नियमावली करा. पोलीस पडताळणी शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची व्हावी, फक्त शिपायाची नाही, शिक्षकांची आणि व्हॅनवाल्यांचीही. मुलींच्या स्वच्छतागृहापाशी शाळेच्या वेळेत बाई कर्मचारीच असावी. सखी सावित्री समितीतल्या सदस्यांची नावं आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावा. तक्रारपेटी पाचवीच्या मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, येण्याजाण्याच्या वाटेवर बसवा आणि ती आठवड्यातून एकदा पालक प्रतिनिधीसमोर उघडा. पोक्सो कायद्यात आपलं काम काय, हे शिपाई, मावशी, काकू, वॉचमन या सगळ्यांना एका दुपारी बसवून समजावून सांगा. तालुक्यातल्या पोलीस ठाण्यातून कुणी बोलावलं तर येतात.

पॅडच्या कपाटाची किल्ली मावशींकडे परत द्या. ही मागणी उद्या सकाळीच पूर्ण होऊ शकते.

कोपीवरच्या सगळ्या मुलांची यादी करून ज्या त्या शाळेच्या पटावर घ्या. त्या पोरीला आणायला मी आणि बाई जाऊ. ती भावासकट येईल, नाहीतर येणारच नाही, हे धरून चाला. भावासाठी अंगणवाडी शंभर पावलांवर आहे, अंगणवाडीताईंशी मी बोलले आहे, त्या तयार आहेत. आणि नव्या आलेल्या प्रत्येक मुलाला, मग ते उसाच्या फडातून येवो की बदली होऊन आलेल्या साहेबांचं असो, पहिले पंधरा दिवस वर्गातला एक सोबती नेमून द्या. पाणी कुठं, संडास कुठं, कुठल्या बाईंना काय विचारायचं, डबा कुणाजवळ बसून खायचा, एवढंच सोबत्याचं काम.

पैशांसाठी कुठल्याही मुलाचं नाव माईकवर घेऊ नका. निरोप पालकांना द्या.

शाळेच्या दर्शनी फलकावर मुख्याध्यापक आणि शिक्षकांची नावं आहेत, त्याखाली शिपाई, मावशी आणि काकूंची नावं लिहा. रंगाचा डबा मी देते. शिक्षक दिनाला आठवी-नववीची मुलं शिक्षक होतात, त्यांच्यातल्या चौघांनी त्या दिवशी मामा-मावशी व्हावं, म्हणजे टोल द्यावा, व्हरांडा झाडावा, पिंप भरावं. आपापलं ताट घासायची सवय तर सगळ्यांनाच लावता येईल. पूर्वी होती.

परिपाठात रोज सुविचार आणि बातम्या असतात. त्यानंतर दोन मिनिटं एका मुलाला विचारा, काल तुला कुणी मदत केली. बक्षीस नको, टाळ्या नकोत, फळ्यावर नाव नको. त्यानं फक्त सांगावं. मुलं पहिल्या आठवड्यात लाजतील, उगाच काहीतरी रचून सांगतील. महिन्याभरात खरं सांगू लागतील. आणि तुम्हालाही कळेल की आपल्या शाळेत कोण काय करतंय.

मुख्याध्यापिका बाई, शेवटची विनंती तुम्हाला. सकाळी फाटकातून आत येताना मामांना तुम्ही आधी नमस्कार करा. पूर्वीच्या हेडसरांनी हेच केलं होतं.

येत्या मंगळवारी दुपारी चार वाजता पालक-शिक्षक संघाची सभा आहे. मी येणार आहे, आणखी वीस-पंचवीस पालकही येतील. या पत्राला लेखी उत्तर सभेच्या आधी मिळावं. सभेला मामा, मावशी आणि काकूंनाही बोलवा, त्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडून ऐका, आणि ते बोलले म्हणून कुणाचं काम जाणार नाही असं अध्यक्षांनी सभेच्या सुरुवातीलाच सांगावं.

त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवा. स्टूल नको.

आपली विश्वासू,
शाळेची माजी विद्यार्थिनी, शिपाईमामांची मुलगी
आणि सातवीतल्या एका मुलीची आई

डिसेंबर २०२४